स्टेशनबाहेरची सोमवारची पंगत: लहान मंडळीने बेघरांसाठी जेवणाचं काम कसं उभं करावं

भुसावळ जंक्शनवर मुंबई, नागपूर, इटारसी आणि सुरत अशा चारी बाजूंच्या गाड्या येतात. कामाला निघालेली, घरातून रागाने निघून गेलेली, झोपेत वाट चुकलेली माणसं इथे उतरतात आणि त्यातली काही इथेच राहून जातात. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, चाळीस ख्रिस्ती घरांचं. दर सोमवारी रात्री आम्ही तीसेक जणांना जेवू घालतो. सात वर्षांत जे शिकलो ते इथे लिहिते आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार, चाळीसगाव, अमळनेर कुठलीही लहान मंडळी हे करू शकते. मोठा पैसा लागत नाही. नेम लागतो.

आधी तीन रात्री नुसतं बघा

पातेलं घासायला घेण्याआधी वही-पेन घ्या आणि दोघा-तिघांनी रात्री साडेनऊला, मग पहाटे पाचला एक फेरी मारा. स्टेशनचं आवार, एसटी स्टँड, उड्डाणपुलाखालची जागा, सरकारी दवाखान्याचा व्हरांडा, भाजी मार्केटचे बंद ओटे. गाडीची वाट बघणारा प्रवासी, चार दिवस कामासाठी आलेला मजूर आणि तिथेच राहणारा माणूस, तिघेही रात्री सारखेच दिसतात. पहाटेच्या फेरीत फरक कळतो. चहावाला, हमाल, रिक्षावाले, सफाई कामगार यांच्याशी बोला. त्यांना एकेक माणूस माहीत असतो. कोण कधीपासून आहे, कोणाला फिट येते, कोणापासून जपून राहायचं, सगळं ते सांगतात.

याच फेऱ्यांत आणखी एक गोष्ट टिपून घ्या: आधीपासून कोण, कुठल्या वारी वाढतं. आम्ही हे केलं नाही. पहिल्याच वेळी उत्साहाने शंभर पाकिटं भरून शनिवारी गेलो. शनिवारी मारुतीच्या देवळापाशी सगळ्यांना पुरी-भाजी मिळालेली होती. रात्री दहाला आमची निम्मी पाकिटं गटारीच्या कडेला पडलेली पाहिली आणि मंडळातल्या एका काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर चौकशी केली. गुरुवारी साईबाबांचं, शुक्रवारी दर्ग्याजवळ, शनिवारी मारुतीचं, रविवारी कोणा ना कोणाच्या वाढदिवसाचं. सोमवारी आणि मंगळवारी मात्र कोणीच नसायचं. आम्ही सोमवार घेतला. तुमच्या गावातला रिकामा वार वेगळा असेल, तो शोधून काढा. देवळात, दर्ग्यात, गुरुद्वारात जे वाढतात त्यांनाही भेटा. आम्ही भेटलो तेव्हा त्यांतल्या एकांनी आम्हाला मोठं पातेलं वापरायला दिलं, ते अजून आमच्याकडे आहे.

आकडा लहान ठेवा, वार चुकवू नका

नाताळात सगळ्यांचं मन भरून येतं. पंचवीस डिसेंबरला दोनशे माणसांना बिर्याणी वाढायला कार्यकर्ते कमी पडत नाहीत. मे महिन्यातल्या तिसऱ्या सोमवारी, उकाड्यात, परीक्षा संपून सगळे गावाला गेलेले असताना कोण येणार, हा खरा प्रश्न आहे. म्हणून हिशेब वर्षाचा मांडा. तीस माणसं, ५२ सोमवार, म्हणजे १५६० ताटं. आमचा खर्च एका ताटाला तीस रुपयांच्या आसपास येतो, म्हणजे वर्षाला ४७ हजारांच्या घरात. हा आकडा मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीसमोर मांडा आणि वर्षभराचा होकार मिळाल्यावरच सुरुवात करा. जमत नसेल तर पंधरा माणसं घ्या. महिन्यातून एकदाच जमत असेल तर ठरलेला सोमवार पाळा. ज्याचं आयुष्यात काहीच ठरलेलं नाही, त्याला "सोमवारी ती माणसं येतात" एवढं पक्कं वाटलं पाहिजे.

पैशांआधी धान्य गोळा करा, कारण त्यात घराघरातली माणसं सामील होतात. आमच्या महिला मंडळाने मुठीचा डबा सुरू केला. रोज भात टाकताना एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात टाकायचा आणि रविवारी उपासनेला येताना घेऊन यायचा. मिझोराममधल्या ख्रिस्ती बाया १९१० पासून हे करत आल्या आहेत आणि त्या मुठीवर त्यांच्या मंडळ्यांची कितीतरी कामं उभी राहिली. आपल्याकडेही मुष्टिफंडावर शाळा चालल्या आहेत. एक मूठ साधारण चाळीस ग्रॅमची धरली तर चाळीस घरांतून आठवड्याला अकरा किलो तांदूळ होतो. आम्हाला अडीच किलो लागतो. निम्मी घरं विसरली तरी भागतं, आणि उरलेला दोन विधवा बहिणींच्या घरी जातो. तांदूळ मात्र सरमिसळ असतो, कोणाचा कोलम, कोणाचा रेशनचा. मोकळा भात त्याचा होत नाही. खिचडी होते.

कागदपत्रं

कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे. २००६च्या अन्नसुरक्षा कायद्यात अन्न व्यवसायाच्या व्याख्येत नफा न घेणारेही येतात, त्यामुळे फुकट वाढत असलात तरी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, साधी नोंदणी करून घ्या. ऑनलाइन होते, लहान कामाला वर्षाचं शुल्क शंभर रुपये आहे. मंडळीचा ट्रस्ट नोंदलेला असेल तर देणग्या त्याच्याच पावतीवर घ्या. तरुण संघ स्वतंत्रपणे वर्गणी गोळा करणार असेल तर गणेश मंडळं घेतात तीच, कलम ४१ सीची, परवानगी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून घ्यावी लागते. दोन हजारांवरच्या रोख देणगीला आयकरात सूट मिळत नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगा. परदेशातल्या नातेवाइकाने प्रेमाने पाठवलेली रक्कम एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी नसताना मंडळीच्या खात्यावर घेऊ नका. यात चांगल्या हेतूचा काही उपयोग होत नाही.

रेल्वेच्या हद्दीत वाढायचं असेल तर स्टेशन व्यवस्थापकांना लेखी अर्ज द्या आणि त्याची प्रत रेल्वे सुरक्षा दलाच्या (आरपीएफ) ठाण्यात द्या. परवानगी नसेल तर हद्दीबाहेर, वाहतुकीला अडथळा होणार नाही अशी जागा निवडा आणि पोलीस ठाण्यात वार, वेळ आणि जबाबदार माणसाचा मोबाइल नंबर लिहून द्या. आम्हाला याचा फार उपयोग झाला. पहिल्या महिन्यात गर्दी बघून पोलिसांची गाडी थांबायची. आता तेच हवालदार नवीन माणूस दिसला की आम्हाला सांगतात.

स्वयंपाक

तीस माणसांच्या खिचडीचं आमचं प्रमाण: तांदूळ अडीच किलो, तूरडाळ सव्वा किलो, कांदा दीड किलो, लसूण दीडशे ग्रॅम, तेल साडेचारशे मिली, शेंगदाण्याचा जाडसर कूट चारशे ग्रॅम, मीठ साधारण १२० ग्रॅम, हळद, जिरं, आणि चौदा लिटर पाणी. डाळ तासभर आधी भिजत घाला. पाणी जास्त वाटेल, पण मऊ, पळीवाढी खिचडीच हवी. यांच्यापैकी अर्ध्यांना नीट दात नाहीत. पहिल्या वर्षी आम्ही अख्खे शेंगदाणे घालायचो, खान्देशी खिचडी म्हटलं की ते हवेतच. एक आजोबा एकेक दाणा बोटाने बाजूला काढून ताटाच्या कडेला ओळीत मांडायचे. तीन सोमवार ती ओळ बघितल्यावर मला कळलं की त्यांना ते चावत नाहीत. तेव्हापासून कूट.

तिखट निम्मं ठेवा. आपल्याला झणझणीत शेवभाजीची सवय असते, पण दिवसभराच्या रिकाम्या पोटात काळा मसाला आग करतो. भाकरी प्रेमाची असली तरी गार झाली की वातड होते, ती फक्त जागेवर गरम देता आली तर द्या. जेवण शाकाहारीच ठेवा आणि वाढताना तसं मोठ्याने सांगा, म्हणजे कोणालाही शंका न येता घास घेता येतो. महिन्यातून एकदा वरण-बट्टी करा. बट्टी तुपात तळून, गरम वरणात कुस्करून. त्या दिवशी पंगतीत बोलणं वाढतं, लोक आपापल्या गावाकडची गोष्ट काढतात.

ताटासोबत केळं हवंच, आणि ते आपल्या भागात मिळवणं सोपं आहे. रावेर-यावलकडे केळीच्या पॅकिंगला जिथे घड उतरवतात तिथे डागाच्या किंवा लहान फण्या बाजूला पडतात. मालकाला जाऊन भेटलं तर बहुतेक नाही म्हणत नाहीत. केळं मऊ असतं, सोलून खायचं असल्यामुळे हात कसेही असले तरी चालतं, आणि उशाशी ठेवून सकाळी खाता येतं. उन्हाळ्यात मीठ-जिऱ्याचं ताक, थंडीत कुटलेल्या शेंगदाण्यांचा गुळाचा लाडू.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. एका सोमवारी मदतीला येणाऱ्यांच्या सोयीसाठी आम्ही चारला खिचडी केली, सहाला गरमच पिशव्यांत भरली, तोंडं बांधली आणि साडेनऊला पोचलो. पहिली पिशवी उघडली तर आंबूस वास. सगळ्या परत घेतल्या, स्टेशनसमोरच्या दुकानातून पाव आणि केळी घेऊन दिली. कोणी एक जरी त्यातून खाल्लं असतं तर काय झालं असतं, हे आजही मनात येतं. तेव्हापासूनचं वेळापत्रक असं: साडेसहाला गॅस पेटतो, साडेआठला पातेलं उतरतं, सव्वानऊला गाडी निघते, सव्वादहाच्या आत शेवटचं ताट वाढून होतं. शिजल्यापासून दोन तासांच्या आत पोटात गेलं पाहिजे आणि तोपर्यंत ते वाफाळतं, साठ अंशांच्या वर राहिलं पाहिजे. पातेल्याला जाड गोधडी गुंडाळली की खिचडी छान गरम राहते. कोमट भातात वाढणारे काही जंतू असं विष सोडतात की पुन्हा गरम करूनही ते जात नाही, म्हणून उरलेली खिचडी दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. वासावर भरवसा ठेवू नका, वास येण्याआधीही अन्न बिघडलेलं असू शकतं. लग्नातलं उरलेलं अन्न कोणी देऊ केलं तर ते कधी शिजलं ते विचारा. उत्तर "दुपारी" असेल तर आभार मानून नको म्हणा.

एखादा माणूस चार-पाच दिवस काहीच न खाल्लेला, हाडांचा सापळा झालेला भेटतो. त्याला भरलं ताट देऊ नका. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं तर रक्तातले क्षार ढळतात आणि जिवावर बेतू शकतं. वाटीभर पातळ पेज द्या, आणि १०८ला फोन करून सरकारी दवाखान्यात न्या.

वाढणं

सुरुवातीला आम्ही रांग लावायचो. रांगेत धडधाकट पुढे येतो, लंगडणारा मागे राहतो, आणि देणारा उभा, घेणारा हात पसरून. मग चर्चच्या एका म्हाताऱ्या पाळकांनी (पास्टरांनी) विचारलं, "तुमच्या घरी पाहुणे आले की रांगेत उभं करता का?" तेव्हापासून आम्ही सतरंज्या अंथरतो, हात धुवायला पाणी देतो, पत्रावळी मांडतो आणि पंगत बसवतो. पंगतीत वाढणाऱ्याला वाकावं लागतं. "अजून थोडी घ्या" असा आग्रह करता येतो, आणि कित्येकांना तो आग्रह करून कोणी वाढलंय याला वर्षं लोटलेली असतात. एखादी माउली अहिराणीत "बाबा, जेवी ल्या ना" म्हणाली की नंदुरबार-साक्रीकडचा माणूस मान वर करून बघतो. हिंदी बोलणाऱ्याशी हिंदीत बोला. अरे-तुरे कोणालाच नको. चालता न येणाऱ्यांचं ताट त्यांच्या जागेवर पोचवा, आणि बायका-मुलांची सतरंजी वेगळी, उजेडात ठेवा.

प्रार्थना आम्ही निघण्याआधी मंडळीच्या स्वयंपाकघरात करतो. पंगतीत उपदेश नाही, पत्रकं नाहीत, कोण कुठल्या धर्माचा हे विचारणं नाही. प्रभूने भुकेल्यात स्वतःला पाहायला सांगितलं, तिथे ताटावर अट कशी घालणार? कोणी विचारलंच की तुम्ही हे का करता, तर खरं उत्तर द्या. कोणी स्वतःहून माझ्यासाठी प्रार्थना करा म्हणालं तर बाजूला बसून करा. फोटो काढू नका. एकदा आमच्या एका मुलाने ग्रुपवर फोटो टाकला, आणि त्यातल्या एका बाईला तिच्या मारणाऱ्या नवऱ्याने ओळखलं. ती पुढच्या सोमवारी आली नाही. नंतरही आली नाही.

दारू प्यालेल्यालाही जेवण द्या, टोकाला बसवा, हुज्जत घालू नका. कार्यकर्त्यांनी जोडीनेच फिरावं. रोख पैसे कोणाच्या हातात देऊ नयेत.

वही

हे काम खरं बदलतं ते वहीने. तिसऱ्या-चौथ्या सोमवारी माणूस नाव सांगतो. मग गाव, किती दिवसांपासून इथे, घरी कोण, तब्येतीचं काय. समोर बसून प्रश्नोत्तरं करू नका, घरी आल्यावर आठवेल तेवढं लिहा. वही एकाकडेच, कपाटात, मोबाइलवर नाही. आमच्याकडची एक बाई हातातून पाकीट घेत नसे. कठड्यावर ठेवून आम्ही चार पावलं मागे सरकलो की मग उचलायची. अकराव्या सोमवारी तिने पाठमोरंच नाव सांगितलं. तिच्या ओळीत बरेच दिवस तेवढंच होतं.

वही भरत गेली की कामं दिसू लागतात. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करा. क्षयाचे उपचार मोफत आहेत आणि निक्षय पोषण योजनेत आता महिन्याला हजार रुपये मिळतात, पण त्यासाठी बँक खातं लागतं. खात्यासाठी आधार लागतं. पत्ता नसलेल्यांच्या आधारसाठी मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाचं किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं. निराधारांसाठी संजय गांधी अनुदान योजना आणि ६५ वर्षांवरच्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे, दोन्हींचे अर्ज तहसील कार्यालयात. राज्यातल्या पंधरा वर्षांच्या रहिवासाचा पुरावा मागतात आणि तिथेच बहुतेक अर्ज अडतात. मूळ गावच्या ग्रामपंचायतीशी किंवा जुन्या शाळेशी पत्रव्यवहार करावा लागतो. मंडळीत निवृत्त शिक्षक किंवा रेल्वेतले बाबू असतातच, हे काम त्यांना द्या. आमच्याकडे एका काकांनी चार वर्षांत नऊ जणांचे कागद पूर्ण केले.

मनाचा आजार असलेल्या माणसाला "वेडा" म्हणून सोडून देऊ नका. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० प्रमाणे असा भटकणारा माणूस आढळला तर त्याला संरक्षण देऊन चोवीस तासांत सरकारी आरोग्य केंद्रात नेणं ही पोलिसांची जबाबदारी आहे, आणि बेघर असेल तर हरवलेल्याची नोंद करून नातेवाईक शोधणंही. ठाण्यात जाताना कलमाचा आकडा लिहून न्या, आवाज चढवू नका. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६. रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवण्याचं मोठं काम कर्जतला श्रद्धा पुनर्वसन केंद्र करतं, त्यासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घरी गेलेला माणूस औषध बंद झालं की पुन्हा स्टेशनवर दिसू शकतो, म्हणून त्याच्या गावच्या दवाखान्याचं नाव वहीत हवं. एकटं मूल दिसलं तर १०९८ या चाइल्डलाइनला फोन करा, आणि कितीही कळवळा आला तरी त्याला आपल्या घरी नेऊ नका. वृद्धांसाठी १४५६७, बाईसाठी १८१.

निवाऱ्याचाही पाठपुरावा करा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शहरांत लाख लोकसंख्येमागे एक, शंभर जणांच्या सोयीचा बारमाही निवारा असावा असं धोरण ठरलं. २०११च्या जनगणनेत जळगाव साडेचार लाखांवर होतं आणि धुळं पावणेचार लाखांच्या आसपास. तुमच्या गावात निवारा कुठे आहे, तिथे किती खाटा आहेत, बाईला जागा आहे का, हे पालिकेत अर्ज करून विचारा आणि एकदा स्वतः तिथे मुक्कामाच्या वेळी जाऊन बघा.

ब्लँकेट डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात द्या, थंडी वाजू लागल्यावर नाही. गडद रंगाचं, पातळ पण उबदार, आणि सोबत खांद्याला अडकवायची पिशवी, कारण दिवसभर ठेवायला यांना जागा नसते.

शेवटचं काम

कधीतरी ठाण्यातून फोन येतो. शेंगदाणे ओळीत मांडणारे आजोबा जानेवारीतल्या एका पहाटे ओट्यावरून उठलेच नाहीत. पोलिसांकडे फक्त "अनोळखी, वय अंदाजे ७०" अशी नोंद होती. आमच्या वहीत त्यांचं नाव होतं, शिरपूर तालुक्यातलं गाव होतं, आणि एका सोमवारी बट्टी खाताना त्यांनी सांगितलेलं धाकट्या मुलाचं नाव होतं. हवालदारांनी तिथल्या पोलीस पाटलांना फोन लावला. दुपारी तीनला मुलगा टेम्पो घेऊन आला. त्याने आधी वही मागितली आणि बापाचं नाव लिहिलेली ती ओळ बराच वेळ बोटाने धरून वाचत बसला.